चेंबर फुटला, आता?

कापूस वेचणीचे दिवस. शंभर सीसीची गाडी, दोन माणसं, मागं बांधलेलं पोतं आणि परभणी-जिंतूर रस्ता. झरी ओलांडल्यावर कुठंतरी पायाशी खाडकन आवाज होतो, मागचं चाक क्षणभर अडतं आणि मग गाडी नुसतीच घरंगळत राहते. उतरून पाहावं तर चेन तुटलेली. चेन तुटणं म्हणजे काही आभाळ कोसळणं नव्हे, म्हणून माणूस गाडी ढकलत गॅरेजपर्यंत आणतो. मागं वळून पाहिलं तर डांबरावर काळ्या थेंबांची रेघ. मिस्त्री उकिडवा बसतो, पुढच्या स्पॉकेटच्या मागं बोट फिरवतो आणि सांगतो, "मालक, चेंबर फुटलाय. ऑइल गळायलंय."

यावर बहुतेक मालक विचारतात, "किती लागतील?" आणि मिस्त्रीही काहीतरी आकडा सांगून मोकळा होतो. विचारायला हवं ते वेगळंच: फुटलाय तो नेमका कुठं? एकच बोटभर भेग एका जागी असेल तर दुरुस्तीनंतर गाडी वर्षानुवर्षं चालते. तीच भेग दोन इंच सरकून दुसऱ्या जागी असेल तर तिच्यावर घातलेला पैसा पाण्यात जातो.

आधी नावांचा घोळ मिटवू. पुस्तकात ज्याला इंजिन ब्लॉक म्हणतात, त्या नावाची वस्तू आपल्या गॅरेजमध्ये मागितली तर मिस्त्री सिलिंडर काढून देईल. त्याच्या भाषेत ब्लॉक म्हणजे बाहेरून पंख्यासारख्या पट्ट्या असलेला, आत पिस्टन फिरतो तो भाग. त्याच्या वर हेड. आणि खाली क्रँक, गिअर, क्लच आणि ऑइल ज्याच्या पोटात असतं तो क्रँककेस, म्हणजेच चेंबर. हा चेंबर डावा आणि उजवा अशा दोन अर्ध्यांचा बनतो आणि मध्ये पॅकिंग घालून बोल्टांनी आवळलेला असतो. १९८५ मध्ये आलेली सीडी १०० घ्या किंवा १९९४ ची स्प्लेंडर घ्या, ठेवण हीच. या गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच यांना ऑइल एकच, तेही जेमतेम पाऊण-एक लिटर. म्हणून गिअरच्या बाजूला भेग पडली तरी उपाशी राहतो तो वरचा पिस्टन आणि कॅम.

त्यामुळे थेंब दिसल्यावर पहिलं काम गाडी बंद ठेवण्याचं. "गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे, हळूहळू नेतो" या विचारानं चेंबरच्या दुरुस्तीत ब्लॉक-पिस्टन, क्रँक आणि हेडचीही भर पडते. ढकला, दुसऱ्या गाडीला बांधा, छोटा हत्ती बोलवा. किक मात्र मारू नका.

गॅरेजमध्ये आल्यावर भेग आहे हे सिद्ध करून घ्या. ऑइल गळणं आणि चेंबर फुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिअर शाफ्टचं सील, न्यूट्रल स्विचचं रबर, ड्रेन बोल्टचं वायसर, टॅपेट कव्हरची रिंग यांतलं काहीही गळलं की वाऱ्यानं ऑइल मागं पसरतं आणि सगळा चेंबरच ओला दिसतो. पुढच्या स्पॉकेटचं कव्हर काढून तिथला चिखल आणि ग्रीसचा थर डिझेल-ब्रशनं धुवून काढा. कापडानं कोरडं करा. मग खडूची बारीक पूड किंवा साधी अंगाला लावायची पावडर त्या जागेवर उडवा. ऑइलची पातळी भरून दोन-तीन मिनिटं इंजिन चालू ठेवा. सील गळत असेल तर शाफ्टभोवती गोल डाग उमटतो. भेग असेल तर पांढऱ्या पावडरीवर केसासारखी काळी रेघ उमटते, आणि ती रेघ कुठून कुठपर्यंत जाते तेही कळतं. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढं वेल्डिंगवाल्याला दाखवायला कामी येतो. चेन तुटून चेंबरला उघड भोक पडलं असेल तर अर्थात ही सगळी खटपट नको.

आता जागांचा विचार. आपल्या भागात चेंबर फुटण्याची कारणं फार नाहीत आणि प्रत्येक कारणाची फोडायची जागा ठरलेली आहे. सगळ्यात मोठी गुन्हेगार चेन. पावसाळ्यात काळ्या रानातून गाडी काढली की चिकट माती स्पॉकेटच्या कव्हरमध्ये गच्च बसते आणि वाळल्यावर विटेसारखी होते. सैल, झिजलेली चेन त्यात अडकते, तुटते आणि गोळा होऊन स्पॉकेटच्या मागच्या भिंतीवर आदळते. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत चेनवर पूर्ण झाकण असतं, त्यामुळे धूळ कमी बसते हे खरं, पण चेन डोळ्यांआडही जाते. झाकणाचं रबरी बूच काढून बोटानं चेन वर-खाली करून पाहायची सवय फार थोड्यांना असते. चेनचा झोल २० ते ३० मिलिमीटर ठेवा, त्याच्या वर नाही. आणि चेनच्या लॉकचं उघडं तोंड चेन ज्या दिशेनं धावते त्याच्या उलट बाजूला हवं. उलटं बसवलेलं लॉक एक दिवस निघतं, आणि ते चेंबरचा घास घेऊनच निघतं.

दुसरी जागा ड्रेन बोल्टची. ऑइल बदलताना पोरसवदा हेल्पर लांब पाना लावून बोल्ट "टाइट" करतो. अॅल्युमिनियमच्या आट्याला पोलादी बोल्ट. आटे तरी जातात किंवा बोल्टभोवतीचा गोल भाग तडकतो. या बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर इतकाच जोर पुरतो, म्हणजे छोट्या पान्यानं, मनगटाच्या ताकदीनं. तिसरी जागा खालची, पायठ्यांची. शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांत दोन्ही पाय ठेवायची आडवी दांडी थेट चेंबरच्या तळाला बोल्टांनी बसवलेली असते. गाडी आडवी पडली की तिचा हिसका तळाच्या आट्यांना बसतो. चौथी, इंजिन चेसिसला धरून ठेवणारे कान. फाउंडेशन बोल्ट सैल झाले की इंजिन थरथरत राहतं आणि महिनोन्महिने थकून कान मुळातून तडकतो. अशा वेळी हँडलला झिणझिण्या येतात, पायाला कंप जाणवतो. मालक म्हणतो गाडी जुनी झाली. दुधाचे कॅन वाहणाऱ्या गाड्यांत हे जास्त.

परदेशी पुस्तकं वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिकडं ब्लॉक फुटण्याचं मोठं कारण म्हणजे हिवाळ्यात आतलं पाणी गोठणं. आपल्या या गाड्या हवेनं थंड होणाऱ्या, आत पाणीच नाही. आणि परभणीत पारा ४४ वर गेला म्हणून चेंबर तडकला, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. आतलं ऑइल एरवीही शंभर अंशांच्या आसपास असतं.

मग दुरुस्त काय होतं? स्पॉकेटमागची भिंत, तळ, ड्रेन बोल्टभोवतीची भेग: नीट वेल्डिंग केलं तर उत्तम टिकते. तुटलेला कान वेल्डिंगनं जोडता येतो, पण तो भार घेणारा भाग आहे, म्हणून सांध्यावर धातूची जाड भर हवी आणि काम करणारा हात पक्का हवा. ड्रेन बोल्टचे नुसते आटे गेले असतील तर वेल्डिंग नकोच. हेलिकॉइल, म्हणजे पोलादी तारेचे नवे आटे बसवून घ्या. ते मूळ आट्यांपेक्षा मजबूत असतात. मॅग्नेटचं किंवा क्लचचं कव्हर फुटलं असेल तर तो चेंबर नव्हेच, सरळ नवं कव्हर घ्या. ब्लॉकची एखादी पट्टी तुटली तर बहुतेक फक्त शोभा जाते. पण आतल्या लोखंडी लायनरला भेग असेल तर ब्लॉक-पिस्टनचा जोड बदलणे हाच मार्ग.

आणि जिथं हात लावू नये अशा जागा: बेअरिंग बसते ते घर, सिलिंडरचे लांब स्टड जिथं बसतात ते आटे, आणि दोन अर्धे एकमेकांना टेकतात तो घासलेला सपाट पृष्ठभाग. वेल्डिंगच्या उष्णतेनं धातू ओढला जातो. बेअरिंगचं घर केसभर जरी वाकलं तरी शाफ्ट तिरका फिरतो आणि काही महिन्यांत गिअर बोंबलतात. कनेक्टिंग रॉड तुटून चेंबरला भोक पाडून बाहेर आला असेल तर तिथंही वेल्डिंगचा विचार करू नका. तो अर्धा बदला.

बदलायचं म्हटलं की एक अडचण उभी राहते, आणि गॅरेजवाले ती सहसा सांगत नाहीत. या गाड्यांचा इंजिन नंबर चेंबरवरच ठोकलेला असतो आणि बऱ्याचदा तो डाव्या अर्ध्यावर, खालच्या बाजूला असतो. चेन तुटून फुटतो तोही डावाच अर्धा. म्हणजे जो बदलावा लागतो त्याच्यावरच एमएच २२ च्या आरसी बुकातला नंबर. नवा सुटा अर्धा कोरा येतो. भंगार बाजारातून आणलेल्या अर्ध्यावर दुसऱ्याच गाडीचा नंबर असतो, आणि ती गाडी चोरीची निघाली तर पोलिस ठाण्यात उत्तरं तुम्हाला द्यावी लागतात. कोऱ्या अर्ध्यावर जुना नंबर ठोकून देणारे कारागीर मिळतात; त्यांच्या वाटेला अजिबात जाऊ नका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल नोंदणी अधिकाऱ्याच्या मान्यतेनं करायचा असतो. आधी आरटीओत अर्ज, सोबत नव्या भागाचं पक्कं बिल, मग काम. जुना नंबरवाला तुकडा कागद हातात पडेपर्यंत भंगारात देऊ नका. गाडी पडून किंवा धडकून चेंबर फुटला असेल आणि विमा स्वतःच्या नुकसानीचाही असेल तर इंजिन खोलण्यापूर्वीच कंपनीला कळवा. नुसती यांत्रिक मोडतोड मात्र विम्यात बसत नाही.

म्हणूनच नंबरवाला अर्धा वेल्डिंगनं वाचत असेल तर वाचवण्यात शहाणपण आहे. खर्चाचा हिशेबही सरळ आहे. वेल्डिंग करा की अर्धा बदला, इंजिन उतरवून पूर्ण खोलायची मजुरी, पॅकिंग, सील हे दोन्हीकडे सारखंच. तेव्हा तुलना फक्त दोन आकड्यांची: वेल्डिंगचा दर आणि नव्या अर्ध्याची किंमत. आणि एकदा खोललंच आहे तर जुनी बेअरिंग्जही बदलून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी त्यांच्यासाठी पुन्हा तीच मजुरी द्याल.

एम-सीलबद्दल सांगायलाच हवं, कारण पहिला सल्ला तोच मिळतो. "बनी तो बनी, नाही तर परभणी" ही म्हण आपल्या गावाला चिकटलेलीच आहे आणि आपण इंजिनालाही तीच लावतो. रात्री आडवाटेला अडकलात तर भेग पुसून, खरवडून, पेट्रोलच्या बोळ्यानं तेलकटपणा काढून त्यावर एम-सील दाबा. ते कडक होईपर्यंत थांबा, ऑइल भरा आणि गाव गाठा. एवढंच त्याचं काम. तेलकट, रोज तापणाऱ्या, थरथरणाऱ्या धातूला ते कायम धरून राहत नाही. शिवाय पुढं वेल्डिंग करायचं ठरलं तर त्याचा कणन् कण खरवडून काढावा लागतो. नेहमीचं आर्क वेल्डिंग इथं चालत नाही. जुने कारागीर गॅस आणि फ्लक्सनं अॅल्युमिनियम जोडत, जमतही असे. पण फ्लक्स नीट धुतला गेला नाही तर तोच धातू खातो.

काम करायचं ते आर्गन वेल्डिंगनं, म्हणजे टिगनं. चेंबर अॅल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या मिश्रधातूचा, साच्यात दाबून ओतलेला असतो. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावर हवेनं जी पातळ साय धरते तिला वितळायला दोन हजार अंशांहून जास्त लागतात. आत पाणी झालेलं आणि वर कवच तसंच, अशी अवस्था. एसी प्रवाहावर चालणारं टिग मशीन ही साय उधळून लावतं, म्हणून डीसीवर पोलाद जोडणाऱ्याकडे हे काम नेऊ नका. वेल्डिंगवाल्याला तीन गोष्टी विचारा. मशीन एसी आहे का? कांडी कोणती वापरणार? ४०४३ म्हणाला, म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असलेली, तर त्याला काम कळतं. तिसरी, "गाडीसकट आणू का?" यावर तो "आणा की" म्हणाला तर तिथून निघा. डोक्यावर पेट्रोलची टाकी, पोटात ऑइल, शेजारी वायरिंग. तिथं ठिणगी पाडणाऱ्याच्या हातात इंजिन द्यायचं नसतं. जवळपास खात्रीचा माणूस नसेल तर नांदेड, जालना किंवा वाळूज गाठा. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, गाड्यांच्या सुट्या भागांचे उद्योगही भोवती आहेत. अॅल्युमिनियम हाताळणारे हात तिथं जास्त. रिकाम्या चेंबरचे दोन अर्धे गोणपाटात गुंडाळले तर एसटीच्या सीटखाली मावतात.

या कामात ज्वाळेपेक्षा मोरीला महत्त्व जास्त. वेल्डिंग फसतं ते बहुतेक वेळा तेलानं. ओतीव धातूच्या बारीक छिद्रांत वर्षानुवर्षांचं ऑइल मुरलेलं असतं. उष्णता लागली की ते उकळून वर येतं आणि सांध्यात काळे बुडबुडे पडतात, जणू पोळी करपली. म्हणून अर्धा पूर्ण नागडा करा: बेअरिंग, सील, पिना, सगळं काढा. डिझेलनं, मग साबणाच्या गरम पाण्यानं धुवा. कॉस्टिक सोडा मात्र वापरू नका, तो अॅल्युमिनियमलाच विरघळवतो. मग भट्टीत किंवा हॉट प्लेटवर साधारण १५० अंशांपर्यंत हळूहळू तापवा. भेगेतून ऑइलचा घाम येईल. गार होऊ द्या, थिनरनं पुसा, पुन्हा तापवा. घाम यायचा थांबेपर्यंत हे चालू ठेवायचं, दोनदा असो की पाचदा. फवाऱ्याच्या डब्यातला क्लोरीनयुक्त क्लीनर वापरून त्यावर वेल्डिंग करू नये. त्यातून विषारी वायू होतो.

भेगेच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक पाडून घ्यायला सांगा. नाहीतर वेल्डिंग झाल्यावर भेग दोन्हीकडून पुढं चालू लागते. टोक शोधायला पुन्हा खडू आणि डिझेल. मग भेगेच्या रेषेवर कार्बाइड बरनं 'व्ही' आकाराची खाच. ग्राइंडरचा दगड नको, त्याचे कण धातूत रुततात. स्टीलचा नवा, फक्त अॅल्युमिनियमसाठी ठेवलेला ब्रश मारायचा आणि लगेच काम सुरू करायचं. वेल्डिंगच्या वेळी दुसरा अर्धा बोल्टांनी आवळलेला हवा, म्हणजे वाकायला वाव राहत नाही. एका दमात लांब सांधा ओढू देऊ नका. इंचभर, थोडं थांबून पुन्हा इंचभर. आणि झाल्यावर बादलीत बुडवून गार करणारा असेल तर हात धरा. गोणपाटात किंवा कोरड्या वाळूत गुंडाळून सावकाश गार होऊ द्यायचं.

परत आल्यावर मिस्त्रीकडून तीन गोष्टी तपासून घेतल्याशिवाय इंजिन बांधू देऊ नका. एक, सपाट पृष्ठभाग. जाड काचेवर अर्धा पालथा ठेवा आणि ०.०५ मिलिमीटरचा फिलर गेज कडेनं आत जातो का पाहा. जात असेल तर लेथवर हलकी घासणी, तीही पॅकिंगच्या हिशेबात बसेल एवढीच. दोन, बेअरिंगचं घर. बेअरिंग थंड चेंबरमध्ये नुसत्या अंगठ्यानं आत बसत असेल तर घर सैल झालं. त्यात लॉकटाइट ओतून वेळ मारून नेणं चालणार नाही. नीट घरात बेअरिंग बसवायची तर चेंबर तापवून बसवतात, हातोड्यानं नाही. तीन, गळती. बाहेरून वेल्डिंगवर खडूचा लेप, आतून डिझेल, आणि रात्रभर तसंच. सकाळी लेप कोरडा असेल तरच पुढं.

पॅकिंग नवं, सगळी सीलं नवी, बोल्ट तिरक्या क्रमानं दोन-तीन टप्प्यांत. ऑइल कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं आणि जासो एमए असं लिहिलेलं, कारण क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो. चारचाकीचं उरलेलं ऑइल ओतलं तर तो घसरेल. फाउंडेशन बोल्ट आणि चेनचा झोल त्याच दिवशी.

पहिल्या दिवशी गावातल्या गावात दहा किलोमीटर फिरा आणि घरी आल्यावर इंजिनाखाली जुना पेपर पसरून ठेवा. सकाळी चहाच्या आधी पेपर पाहा. पुढचे शंभर किलोमीटर जोडी बसवू नका, पोतं लादू नका. पेपर रोज बदला, आणि ऑइलची पट्टी रोज पाहा. पाचशे किलोमीटरला ऑइल काढून टाका. वेल्डिंगचे आणि घासणीचे बारीक चमकते कण त्यात दिसले तर एवढ्यानं घाबरू नका. पण पुढच्या वेळीही तसेच दिसले तर गाडी पुन्हा स्टँडवर घ्या.